सुटावा असा सांधा

ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरात टीव्ही होता त्यांना थापेचं शास्त्र शिकवावं लागत नाही. ऐन चित्रहारच्या वेळी चित्र मिटून मधोमध नुसती एक आडवी पांढरी रेघ उरायची. मग घरातलं कोणीतरी उठून टीव्हीच्या खोक्याला एका ठरलेल्या जागी तळहाताने थाप द्यायचं आणि रेघेचं पुन्हा चित्र व्हायचं. थाप कुठे आणि किती जोरात द्यायची हे ज्या त्या घरालाच ठाऊक असे. पाहुण्याला ते जमत नसे. पुढे थापेचाही उपयोग होईनासा झाला की मेकॅनिकला निरोप जायचा. तो मागचं झाकण काढून, बोर्ड तिरका करून आत डोकावायचा आणि म्हणायचा, "काही नाही वहिनी, ड्राय सोल्डर आहे." दोन मिनिटं आयर्न टेकवून, चहा घेऊन तो गेला की घरात थोडी निराशाच पसरायची. एवढ्या मोठ्या बिघाडाचं कारण एवढंसं?

ते एवढंसं कारण भिंगातून पाहण्यासारखं असतं. तपकिरी बोर्ड उलटा केला की तांब्याच्या प्रिंटवर सोल्डरचे शेकडो ठिपके दिसतात. त्यातले काही जड किंवा तापणाऱ्या भागांच्या पायाशी असतात: आउटपुट ट्रान्झिस्टर, ईएचटी ट्रान्सफॉर्मर, मोठे रेझिस्टर. संध्याकाळी सेट लागला की पाय तापून लांबतो, रात्री बंद झाला की आकसतो. सोल्डर मऊ असतं. ते ही ओढाताण वर्षानुवर्षं सोसतं आणि मग पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडते. वरून पाहिलं तर सांधा जागच्या जागी असतो. बॅटरीचा उजेड बाजूने टाकून बोर्ड हळूहळू फिरवला तरच पायाभोवतीचं ते काळं कडं नजरेला येतं. थाप दिली की चिरेच्या दोन कडा क्षणभर एकमेकींना टेकतात, इतकंच.

मी हौसेने जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर उघडून बसतो. माझ्याकडे येणाऱ्या आजाऱ्यांत निम्म्याहून जास्त या असल्या चिरांचे किंवा सुकलेल्या कंडेन्सरचे बळी असतात. भाग बदलायचा तर तो काढावा लागतो, काढायचा तर जुनं सोल्डर वितळवावं लागतं आणि बसवायचा तर नवं घालावं लागतं. म्हणजे दुरुस्ती कसलीही असो, शेवटी गाठ पडते ती सोल्डर आणि फ्लक्सशीच. तरीही दुरुस्तीच्या गप्पांत सगळ्यात कमी विचार या दोघांचा होतो. "कुठलंही चालतं हो," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कुठलंही चालत नाही. कोणतं चालतं हे ठरवताना आपण त्या वस्तूकडे कसं पाहतो तेही ठरून जातं.

पुण्यात असाल तर हा शोध तपकीर गल्लीत सुरू होतो, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर. दुकान पाचेक फूट रुंद, भिंतभर छोटे खण, काउंटरवर रिळं. संवाद ठरलेला असतो.

"दादा, बावीस गेजचं सोल्डर द्या."

"साठ-चाळीस का त्रेसष्ट?"

"त्रेसष्ट."

"कंपनीचं देतो. लोकल स्वस्त आहे, पण मग परत येऊन मला बोलू नका."

या चार वाक्यांत बरंच धातुशास्त्र येऊन जातं. कथील वितळतं २३२ अंश सेल्सियसला, शिसं ३२७ ला. पण दोन्ही एकत्र केली की मिश्रण दोघांपेक्षाही लवकर वितळतं. कथील ६३ टक्के आणि शिसं ३७ टक्के असेल तर ते १८३ अंशांना एकदम पाणी होतं आणि थंड होताना त्याच अंशाला एकदम गोठतं. ६०-४० चं तसं नाही. तेही १८३ ला मऊ पडायला लागतं, पण पुरतं वितळायला १९० च्या आसपास जावं लागतं. मधल्या सहा-सात अंशांत ते ना धड पातळ ना धड घट्ट असतं. त्या क्षणी हात हलला किंवा पाय डुगडुगला, की आत बारीक कणकण राहतात आणि सांधा निस्तेज, भेगाळ होतो. नव्या बोर्डावर भाग घट्ट बसवलेले असतात, त्यामुळे हे खपून जातं. जुन्या सेटमध्ये मात्र एका हाताने वायर धरलेली, दुसऱ्या हातात आयर्न आणि सोल्डर दातात, असा प्रसंग नेहमीचा असतो. तिथे त्रेसष्ट घेतलं की त्या सहा-सात अंशांची चिंता उरत नाही. दातात मात्र सोल्डर धरू नये. त्याचं कारण पुढे येईल.

लोकल मालाची गोम सरळ आहे. कथील शिशापेक्षा कितीतरी पट महाग, म्हणून वर साठ-चाळीस लिहून आत कथील कमी घालण्याचा मोह होतो. असं सोल्डर उशिरा वितळतं, वितळलं तरी पसरत नाही आणि गोठल्यावर राखाडी दिसतं. ते वितळावं म्हणून माणूस आयर्न जास्त वेळ टेकवून धरतो आणि त्या जादा वेळेची किंमत बोर्ड मोजतो.

गेज म्हणजे तारेची जाडी, आणि आपल्याकडे ती अजूनही जुन्या ब्रिटिश मापात मागितली जाते. बावीस गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, अठरा गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जरा आत. ट्रान्सफॉर्मरचे टॅग आणि व्हॉल्व्ह सेटच्या जाड पट्ट्या यांना अठरा बरं. छापील बोर्डाला बावीस किंवा त्याहून बारीक. जाड तार बारीक सांध्यावर टेकवली की पापणी लवायच्या आत सोल्डरचा ढीग होतो आणि शेजारची प्रिंट जोडली जाते.

हे झालं सोल्डरचं. पण खरं सांगायचं तर अर्ध्याहून अधिक काम फ्लक्स करतो.

वितळलेलं सोल्डर तांब्याला नुसतं चिकटत नाही. त्यातलं कथील तांब्याशी संयोग पावतं आणि दोघांच्या सीमेवर एका नव्याच संयुगाचा काही मायक्रॉनचा थर तयार होतो. खरा सांधा म्हणजे तो थर. उष्णता अपुरी पडली तर तो तयार होत नाही. फार वेळ दिली तर तो जाड आणि ठिसूळ होतो. आणि तांब्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असेल तर कथील तांब्यापर्यंत पोचतच नाही, वरच्या वर गोळी होऊन बसतं. हा पापुद्रा ऐन वेळी खरवडून काढायचा आणि तापलेल्या धातूला हवा लागू द्यायची नाही, हे फ्लक्सचं काम.

ज्यांनी दारावर आलेल्या कल्हईवाल्याला काम करताना पाहिलं आहे त्यांनी फ्लक्स पाहिलेला आहे. भाता मारून तापवलेल्या पितळी पातेल्यात तो नवसागराची चिमूट टाकायचा. भपकन पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवलं की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल पितळेवरचा ऑक्साइड खाऊन टाकतं आणि कथलाला वाट मिळते. धातू तोच, तत्त्व तेच. मग बोर्डावर नवसागर का चालत नाही? कारण पातेलं नंतर घासून-धुऊन निघतं. बोर्डावर भागांच्या खाली, वायरच्या पिळात शिरलेलं क्लोराइड तिथेच बसून राहतं, पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तांबं पोखरायला लागतं.

पत्रेकाम आणि नळकाम करणाऱ्यांच्या डबीत जी पेस्ट मिळते तिच्यातही बहुधा झिंक क्लोराइड असतं. नळाला ती उत्तम. तिने सोल्डर इतकं सहज धावतं, की नवशिक्याला वाटतं हीच खरी जादू. काही वर्षांनी तो सेट पुन्हा उघडला, की सांध्याभोवती हिरवट-निळी पूड दिसते, वायरची टोकं काळी पडून आतल्या आत तुटलेली असतात आणि बारीक प्रिंट नाहीशी झालेली असते. रत्नागिरी-मालवणकडून आलेल्या सेटमध्ये हे लवकर घडतं. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल आम्लाला साथच देतात. डबीवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती डबी बोर्डाजवळ आणू नये.

बोर्डासाठी वर्षानुवर्षं टिकून राहिलेला उपाय म्हणजे राळ. हिमाचल, उत्तराखंडात चिडाच्या झाडांना खाचा पाडून चीक गोळा करतात. त्यातून टर्पेंटाइन ऊर्ध्वपातनाने काढून घेतलं की मागे जी पिवळसर, काचेसारखी ठिसूळ वस्तू उरते ती राळ. हिमाचलातल्या नाहनला राज्याच्या वन विकास महामंडळाचा राळेचा कारखाना आहे. व्हायोलिन आणि सारंगीच्या गजाला लावतात तीही हीच. हिच्यातलं मुख्य द्रव्य ॲबिएटिक आम्ल. ते साधारण १७५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे सोल्डर वितळायच्या किंचित आधी. तापलेल्या अवस्थेत ते तांब्यावरचा ऑक्साइड विरघळवतं. गार झालं की पुन्हा काचेसारखं घट्ट होऊन गप्प बसतं. ओल शोषत नाही, वीज वाहून नेत नाही. कामापुरतं आम्ल आणि काम झालं की निरुपद्रवी, असा दुसरा इतका स्वस्त पदार्थ मला माहीत नाही.

साठच्या दशकातला एखादा ट्रान्झिस्टर सेट उघडला की हे पाहायला मिळतं. बोर्डाच्या खालच्या बाजूला, प्रत्येक सांध्याभोवती मधाच्या रंगाचा पारदर्शक थेंब असतो. नख लावलं तर कडकन तुटून त्याचे कण उडतात आणि खालचं तांबं छापलं त्या दिवसाइतकं लखलखीत निघतं. आयर्न टेकवलं की तोच जुना थेंब पुन्हा वितळतो, चुर्र आवाज होतो आणि रानातल्या झाडाचा वास खोलीभर होतो. कारखान्यातल्या कोणा कामगाराने साठ वर्षांपूर्वी घातलेली राळ अजून कामाला हजर असते.

बाजारात आता याचे पुष्कळ प्रकार आहेत. तारेच्या पोटातच राळ भरलेली असते, हे सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडच्या मल्टिकोअर कंपनीने एकाऐवजी पाच नळ्या घालून ती तार नावारूपाला आणली. निव्वळ राळ, सौम्य सक्रिय केलेली राळ आणि जास्त सक्रिय केलेली राळ, अशा तिच्या पायऱ्या आहेत. त्यांच्यासाठी आर, आरएमए आणि आरए अशी अक्षरं वापरतात. नव्या वर्गीकरणात आरओएलझिरो असं लिहिलेलं असलं तर ती राळेची, सौम्य आणि जवळजवळ हॅलाइडमुक्त जात समजावी. जुन्या बोर्डांना मी आरएमए वापरतो: काळवंडलेल्या तांब्याला साधी राळ कमी पडते आणि आरए मागे जे ठेवते ते पुसल्याशिवाय झोप लागत नाही. 'नो-क्लीन' म्हणून मिळतो तो फ्लक्सही चांगला असतो, पण एका अटीवर. तो सांध्यावर पुरता तापला पाहिजे. सुईने भरमसाट पेस्ट सोडली आणि कडेची अर्धी न तापताच राहिली, तर तिच्यातलं आम्ल तसंच जिवंत राहतं. न पुसण्याचा परवाना कारखान्यातल्या मोजून दिलेल्या उष्णतेला आहे, आपल्या हाताला नाही. पाण्यात विरघळणारा फ्लक्स तर जुन्या सेटला नकोच. तो धुवावा लागतो, आणि आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या डब्या, कागदी शंकूचा स्पीकर आणि उघडा व्हॉल्व्ह-बेस असलेल्या वस्तूला आंघोळ कशी घालणार?

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. पुष्कळ मेकॅनिक थिनर वापरतात. थिनरने बोर्ड लख्ख होतो हे खरं, पण त्याचा एक थेंब डायलच्या प्लॅस्टिकवर पडला की स्टेशनांची नावं विरघळतात आणि पारदर्शक पॉलिस्टायरीन कंडेन्सरही त्यात टिकत नाहीत.

आता शिशाबद्दल. आयर्नमधून निघणारा धूर नाकात गेला की लोक म्हणतात, शिसं पोटात जातंय. धुराचा आणि शिशाचा संबंध फार थोडा. शिसं उकळायला सतराशेच्या वर अंश लागतात, आपलं आयर्न साडेतीनशेच्या आत असतं. तो धूर राळेचा. तोही निरुपद्रवी नाही. रोज तासन्‌तास ओढणाऱ्या कामगारांना त्याने दमा होतो, ही वैद्यकात नोंदलेली गोष्ट आहे. म्हणून खिडकी उघडी आणि छोटा पंखा तोंडापासून बाहेरच्या दिशेला हवा. शिसं शरीरात जातं ते बोटांवाटे. सोल्डरची तार चिमटीत धरलेली, मग त्याच बोटांनी बिस्किट. दातात सोल्डर धरू नये ते याचसाठी.

शिशाने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते, यात शंका घ्यायला जागा नाही. म्हणूनच युरोपने १ जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून ते बाद केलं. आपल्याकडे २०१२ च्या मे महिन्यात ई-कचऱ्याचे नियम लागू झाले आणि शिशाची ०.१ टक्क्याची मर्यादा दोन वर्षांनी अमलात आली. त्यामुळे आता दुकानात शिसेविरहित रिळंही दिसतात. कथील ९६.५ टक्के, चांदी ३ आणि तांबं अर्धा टक्का, हे त्यातलं प्रसिद्ध मिश्रण. ते २१७ ते २२० अंशांना वितळतं. चांगला माणूस विचारणारच: मग जुन्या रेडिओलाही हेच का वापरू नये?

कारण तो रेडिओ या उष्णतेसाठी बांधलेला नाही. जुना तपकिरी बोर्ड म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून बसवलेले कागदाचे थर. त्यावरची तांब्याची प्रिंट एका चिकट थराने धरलेली असते आणि पन्नास-साठ वर्षांत तो थर म्हातारा झालेला असतो. चौतीस अंश जास्त म्हणजे आयर्नचं टोक तितकं जास्त तापवायचं आणि सांध्यावर जास्त वेळ धरायचं. प्रिंट बोर्डापासून उचकटते, कडेला वाळलेल्या सालीसारखी वळते आणि मग तिथे बारीक वायरचा पूल बांधत बसावं लागतं. शिवाय सांध्यात जुनं शिसं उरलेलं असतंच. नवं-जुनं मिसळून जे तयार होतं त्याचं प्रमाण कोणालाच माहीत नसतं. युरोपच्या कायद्यानेही हे ओळखलं आहे: २००६ पूर्वीच्या वस्तूच्या दुरुस्तीला शिशाची मुभा आहे. ज्या बोर्डावर 'पीबी' अक्षरांवर काट मारलेली खूण दिसते, तो शिसेविरहित. त्याला त्याच्या जातीचं सोल्डर द्यावं. आणि तिथला निस्तेज सांधा पाहून लगेच ड्राय म्हणू नये. त्या मिश्रणाचा रंगच तसा असतो.

शिसं काढल्याने काय होतं याचा एक जुना दाखला रेडिओवाल्यांना चांगला ठाऊक आहे. साठच्या दशकातले एएफ ११७ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर पत्र्याच्या डबीत बंद असत. डबीला आतून कथलाचा मुलामा. शुद्ध कथलाला कालांतराने केस फुटतात, अगदी खरोखर, धातूचे सूक्ष्म तंतू. डबीतून निघालेला असा एखादा तंतू आतल्या तारेला टेकला की ट्रान्झिस्टर शॉर्ट आणि सेट मुका. कथलात थोडंसं शिसं असलं की हे केस वाढायचे बहुतांशी थांबतात. जाणकार मेकॅनिक ट्रान्झिस्टर फेकत नाही. डबीला जोडलेला चौथा पाय कापतो, आणि पुष्कळदा सेट बोलू लागतो.

कुठलंही चालतं म्हणणाऱ्यांना मी नेहमी अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्सचं उदाहरण देतो. ऑरेगॉन राज्यातल्या या कंपनीच्या पन्नास-साठच्या दशकांतल्या ऑसिलोस्कोपमध्ये छापील बोर्ड नव्हते. चिनी मातीच्या पांढऱ्या पट्ट्यांना खाचा असत, खाचांत चांदीचा थर भाजून बसवलेला असे आणि भागांचे पाय त्या खाचांत सोल्डर केलेले असत. वितळलेल्या कथलात चांदी झपाट्याने विरघळते. साध्या साठ-चाळीसने दोन-तीनदा दुरुस्ती केली की खाचेतली चांदीच निघून जाणार आणि मग त्या गुळगुळीत चिनी मातीला काहीही चिकटणार नाही. उपाय असा, की सोल्डरमध्येच आधी तीन टक्के चांदी घालायची, म्हणजे त्याची भूक भागलेली राहते. पण बनवणाऱ्यांनी माहितीपुस्तिकेत एवढं सांगून हात झटकले नाहीत. त्यांनी यंत्राच्या पोटातच, स्क्रूने बसवलेलं, या सोल्डरचं एक छोटं रीळ ठेवून दिलं. वीस वर्षांनी, दुसऱ्या शहरात, कोणीतरी हे झाकण उघडेल, त्याच्याजवळ योग्य सोल्डर नसेल, आणि तो हाताशी असेल ते वापरेल, इतका पुढचा विचार त्यामागे होता. आजही असे ऑसिलोस्कोप उघडणाऱ्यांना आत ते रीळ सापडतं.

यंत्र बनवणाऱ्याने दुरुस्ती करणाऱ्याची इतकी कदर केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सोल्डर आणि फ्लक्स निवडण्याचं माझं सूत्र मी तिथूनच घेतलं आहे. सोल्डरचं मोठेपण धरून ठेवण्यात आहे तितकंच सोडून देण्यातही आहे. वेल्डिंगचा सांधा कापावा लागतो, इपॉक्सी फोडावी लागते. सोल्डरचा सांधा १८३ अंश दिले की कसलीही तक्रार न करता सुटतो आणि दुसऱ्या भागाला जागा देतो. जो सांधा सुटत नाही तो दुरुस्त होत नाही. हल्लीच्या कानात घालायच्या इवल्या यंत्रांचं कवच गोंदाने बंद केलेलं असतं. बॅटरी संपली की यंत्र संपलं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, चांगलंच झालं. पण जी वस्तू उघडतच नाही तिला हक्काचा काय उपयोग?

सोडवण्याच्या कामात एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. जुनं सोल्डर काढायचं तर आधी त्यात नवं घालायचं. जुन्या सांध्यातला फ्लक्स बऱ्याचदा जळून गेलेला असतो, वर ऑक्साइडची साय असते; नुसतं आयर्न टेकवलं तर उष्णता आत जात नाही. थोडं ताजं सोल्डर, फ्लक्सचा थेंब, आणि जुनं-नवं मिळून चकाकत वितळतं. मग पंपाने ओढा नाहीतर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, म्हणजे विकने, टिपून घ्या. पट्टी जुनी असेल तर तिलाही फ्लक्स लावा. कोरड्या पट्टीत काही शिरत नाही.

पुष्कळ पायांची चिप काढायला बिस्मथचं सोल्डर मिळतं. बिस्मथ ५८ आणि कथील ४२ टक्के, १३८ अंशांना वितळणारं. ते सगळ्या पायांवर पसरवलं की चिप अलगद उचलली जाते. पण शिशात बिस्मथ मिसळलं की त्या तिघांचं एक मिश्रण ९६ अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे पाणी उकळायच्याही आधी. तापणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या पायाशी ते राहिलं तर सांधा चालू सेटमध्येच ढिला पडेल. काढण्यापुरतं ते वापरा, आणि नंतर विकने इतकं टिपा की तांबं दिसलं पाहिजे.

कधी कधी मात्र फ्लक्स हात टेकतो. फुटलेला कंडेन्सर किंवा जुन्या कॉम्प्युटरमधली पाझरलेली निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावर अल्कली सोडते. तिथलं सोल्डर राखेच्या रंगाचं होतं, आयर्न टेकवलं तर वितळायच्या ऐवजी घाण वास मारतं. अल्कलीला राळेचं सौम्य आम्ल पुरत नाही. कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावायचं, फसफसणं थांबेपर्यंत थांबायचं, डिस्टिल्ड वॉटरने पुसायचं, मग अल्कोहोलने, मग ब्लेडने तांबं उघडं करायचं, आणि त्यानंतर राळ आणि सोल्डर. यातली एकही पायरी घाईने उरकता येत नाही.

शिसं वापरण्याची टोचणी मनातून पुरती जात नाही, जाऊही नये. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत टाकून दिलेले बोर्ड कोळशावर तापवून त्यातले भाग सुटे करतात, आणि ते करणाऱ्या हातांत मुलांचेही हात असतात. माझ्या टेबलावरचं चिमूटभर शिसं आणि त्या शेगडीवरचं शिसं एकाच जातीचं. पण मी जो सेट चालता करतो तो निदान त्या शेगडीपर्यंत पोचत नाही. पंपातून निघालेले कण आणि स्पंजवर पुसलेले थेंब मी झाकणाच्या डबीत साठवतो, आणि डबी भरली की अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे देतो. केरात टाकत नाही.

तेव्हा जुना सेट उघडायला बसणाऱ्याला माझं सांगणं थोडक्यात असं. २००६ पूर्वीचा बोर्ड असेल तर चांगल्या कंपनीचं त्रेसष्ट-सदतीस, बावीस गेज, राळेचं. वर सौम्य राळेचा फ्लक्स, आम्लाची डबी नाही. आयर्न ३२० ते ३५० च्या दरम्यान. टोक पाय आणि प्रिंट दोघांना एकदम टेकवा, तार पलीकडून लावा, दोन-तीन सेकंदांत सोल्डर पायाभोवती उतार घेऊन चकाकलं की आयर्न उचला. राळ अल्कोहोलने पुसा. चांदीचे सांधे दिसले तर चांदीचं सोल्डर शोधून आणा, घाई करू नका. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: काय बदललं, कोणतं सोल्डर, कोणती तारीख. पुढे तो सेट जो उघडेल त्याचा अर्धा दिवस वाचेल. एवढं झालं की हात साबणाने स्वच्छ धुवा, आणि मगच चहा घ्या.